आप्पांचा खाकी एप्रन, मे-जून २०२५ च्या नोंदी

११ मे, रविवार

आज ठरवलं एकदाचं. आप्पांसाठी बागकामाचा एप्रन शिवायचा आणि त्यासाठी नवीन कापड आणायचं नाही, घरात जे पडलंय त्यातूनच काढायचा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं कराड-चिपळूण, रोजचा कुंभार्ली घाट. रिटायर झाल्यापासून घरामागची दीड गुंठा जागा हेच त्यांचं जग. वांगी, मिरची, घेवडा, दोडका, कुंपणाला कारली, कडेला अळू, आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) पूजेला जास्वंद आणि अनंत. माती काळीभोर, चिकट, हाताला लागली की सुटत नाही, आणि हात पुसायचे लेंग्याला. सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, लेंग्याच्या खिशात, तो खिसा महिन्यात फाटतो, मी शिवते, परत फाटतो. परवा तेच झालं, खिसा उसवून सिकेटर खाली पडला तो सरळ पायाच्या अंगठ्यावर, आणि त्याची कडी लावलेली नव्हती. टाके पडले नाहीत पण रक्त बरंच गेलं. त्यांना साखर आहे, त्यामुळे पायाची जखम म्हटलं की घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो.

म्हणून एप्रन. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "आगं पोरी, ते स्वयपाकघरातलं, ते घालून मी बाहेर कसा बसू?" मी म्हटलं बघू, आधी शिवते तरी.

१२ मे, सोमवार

कापडांचं बोचकं काढलं. वरवर बघितलं तर ढीगभर, पण कामाचं किती ते एकेक पसरून बघितल्यावरच कळतं. एप्रनला येईल असं हे निघालं: नवऱ्याच्या दोन जुन्या जीन्स, गुडघ्यावर गेलेल्या पण मांडीचा भाग अजून मजबूत. माझ्या एका परकराचं उरलेलं मरून पॉपलिन. आप्पांचाच एक जुना पंचा, मऊ झालेला. माळ्यावर नवारीचं, म्हणजे पलंग विणायच्या सुती पट्टीचं, एक न उघडलेलं बंडल, पलंग विकला तेव्हा तसंच राहिलेलं.

आणि ट्रंकेच्या तळाशी खाकी पँटपीस. आईंनी दाखवला. पूर्वी गणवेशाचं कापड मिळायचं आणि ते आपण टेलरकडून शिवून घ्यायचं, त्यातला हा एक शिवायचाच राहिला. १ मीटर २० सेंटिमीटर, पन्हा (रुंदी) ५८ इंच. डांबरगोळ्यांचा वास अजून येतोय. एका बाजूला ट्रंकेचा गंज लागून घडीच्या रेषांवर तांबडे डाग पडलेत, साधारण १२ इंच रुंदीचा पट्टा वाया. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं, डाग फिकट झाले पण गेले नाहीत, आणि जास्त चोळलं तर तिथलं कापड विरेल अशी भीती वाटली. सोडून दिलं, तेवढं टाळून कापू.

कापड सुती का टेरिकॉट ते बघायला कडेचे चार धागे उसवून सिंकवर काडी लावली. सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ राख राहते, बोटात धरली की भुगा होते. हा जळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. म्हणजे पॉलिस्टर मिक्स, टेरिकॉट. बागेला हे चांगलंच, पाणी लगेच पीत नाही, वाळतं पटकन, चिखल सुकला की झटकून जातो. जीन्सचं उलट, भिजली की जड होते आणि पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही. म्हणून अंग खाकीचं आणि जीन्स फक्त खिशांना.

आप्पांना खाकी दाखवली. हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, उभ्या-आडव्या धाग्यावरनं अंगठा फिरवला. म्हणाले, "ह्याचा असेल तर घालतो."

१४ मे, बुधवार

फोनवर एक साधा एप्रनचा नमुना सापडला, तो ब्राऊन पेपरवर काढला. वर छातीला पट्टा, कमरेला बंद, खाली मांडीवर मोठा खिसा, लांबी ३४ इंच. चांगलं कापड आधीच कापायचं नाही हे टेलरिंग क्लासला बाईंनी डोक्यात इतकं ठासलंय की एक जुनी बेडशीट घेऊन आधी तिचाच कच्चा एप्रन केला, नुसता धावदोरा घालून.

उभं राहिल्यावर झकास. आप्पा म्हणाले बरा आहे. मग मी म्हटलं आता वांग्यापाशी बसून दाखवा, तर ते बसले उकिडवे, आणि सगळाच घोळ.

हे नीट लिहून ठेवते कारण पूर्ण एप्रन यावरच उभा आहे. उकिडवं बसलं की माणूस मधून दुमडतो. उभं असताना गळ्याच्या खड्ड्यापासून जांघेपर्यंत टेपने १९ इंच भरलं, बसल्यावर १३. म्हणजे मधलं सहा इंच कापड कुठंतरी जाणार, आणि ते गेलं वर, छातीचा पट्टा थेट हनुवटीला लागला. मांडीवरचा मोठा खिसा पोट आणि मांडी यांच्या मधे चेपला, त्यात हात जाईना, आणि आत सिकेटर असता तर पोटात टोचला असता. खालची कड मातीत लोळत होती, उठताना तिच्यावरच पाय पडला आणि आप्पा पुढे गेले, वांग्याच्या बांबूला धरून सावरले म्हणून.

तो नमुना ज्यांच्यासाठी आहे ते लोक टेबलापाशी उभं राहून कुंड्या भरतात, किंवा फार तर गुडघे टेकतात. आपल्याकडं खुरपायला बसायचं ते उकिडवंच, एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार टाकत सरकत जायचं. म्हणजे एप्रन उभ्या माणसाच्या मापाचा नको, बसलेल्या माणसाच्या मापाचा पाहिजे.

१५ मे, गुरुवार

रात्री नीट झोपच लागली नाही, डोक्यात तेच. सकाळी बेडशीटवाल्या कच्च्या एप्रनवर कात्री चालवली.

छातीचा पट्टा वरून दोन इंच कमी. खालची लांबी गुडघ्याच्या जरा खाली येईल इतकीच, म्हणजे एकूण ३१ इंच. आणि मधोमध खालून वर १५ इंचांची चीर, म्हणजे बसल्यावर दोन पाळ्या दोन मांड्यांवर पडतील. मधला मोठा खिसा रद्द. खिसे बाहेरच्या बाजूला, मांडीच्या कडेला, बसल्यावर जिथं हात आपोआप लोंबतो तिथं. तोंड सरळ न ठेवता मागे तिरकं, बसल्यावर त्यातली वस्तू सांडायला नको म्हणून.

आप्पा परत बसले, सरकले, उठले, परत बसले. असं आठ-दहा वेळा. हनुवटीला काही लागलं नाही, पाय अडकला नाही. कडेचा खिसा मात्र मी जास्त खाली धरला होता, हात ताणावा लागत होता, तो दोन इंच वर घेतला आणि पेनने खूण केली.

अजून एक गोष्ट. मागे हात नेऊन गाठ मारणं त्यांना जमत नाही, स्टिअरिंग धरून धरून उजवा खांदा आखडलाय. आणि गळ्यात अडकवायचा पट्टा नको, सगळा भार मानेवर येतो. म्हणून पाठीवर पट्ट्यांची फुली, डाव्या खांद्यावरचा पट्टा उजव्या बाजूला जोडलेला आणि उजवा डाव्या. डोक्यातून घालायचा, बस्स, बांधायचं काहीच नाही.

१६ मे, शुक्रवार

मापं पक्की करून ब्राऊन पेपरवर उतरवली. वरची रुंदी १० इंच, काखेखाली २८, वरपासून कमरेपर्यंत ९, कमरेपासून खाली २२. शिवणीला अर्धा इंच, खालच्या दुमडीला पाऊण. सिकेटर ८ इंच लांब, त्याचा खिसा ५ रुंद आणि ७ खोल, मुठीचं टोक बाहेर राहिलं पाहिजे. खुरपं खिशात ठेवायचंच नाही, त्याला अडकवायला जीन्सचा बेल्टलूप. सुतळीच्या गुंड्याला एक खिसा. छातीवर चष्मा आणि फोन.

२१ मे, बुधवार

खाकी आणि पॉपलिन गरम पाण्यात भिजवून काढलं. शिवायच्या आधी कापड भिजवायलाच पाहिजे, नाहीतर शिवल्यावर पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवणी ओढल्या जातात. जीन्स आणि पंचा इतक्या वेळा धुतलेत की त्यांचं जे आटायचं ते आटून झालंय.

भिजवून झालं आणि आभाळ भरून आलं. मे महिन्यात. मागच्या गच्चीवरची दोरी रिकामी करून सगळं आत आणलं.

२४ मे, शनिवार

पाऊस, पाऊस आणि पाऊस. वळीव म्हणावा तर थांबायला तयार नाही. बातम्यांत सांगितलं आज मान्सून केरळात पोचला, एक जूनच्याही आठवडाभर आधी. टेरिकॉट पंख्याखाली वाळला, पॉपलिन अजून दमट. आप्पा दारात उभे राहून बागेकडं बघतात, मातीला वापसाच नाही, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत पोचला, २६ मेला, इतक्या लवकर पूर्वी कधी नोंदलाच गेला नव्हता म्हणे. इकडं आंब्याची अढी घरभर पसरलेली आणि त्यात माझं कापड.

आज कापलं. खाकीला मध्यम इस्त्री केली, टेरिकॉटला जास्त गरम लावली की चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून वर ओला रुमाल टाकून. गंजाचा पट्टा बाहेर राहील असा पेपर मांडला, उभा धागा उभाच ठेवला. टेलरच्या खडूने रेघ मारली. कात्री हातात घेतली तेव्हा आप्पा स्टूल घेऊन समोर येऊन बसले. काही बोलले नाहीत. पहिला काप मारला, तो कर्रर्र आवाज झाला, आणि मग म्हणाले हे कापड घेतलं तेव्हा यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दहावीचा रिझल्ट लागायचा होता. मी हात थांबवला. तर म्हणाले, "काप काप, ट्रंकेत ठिवून काय करायचंय."

काखेचा बाक कापताना दोन्ही बाजू एकसारख्या याव्यात म्हणून कापड मधोमध दुमडून टाचण्या लावून एकदमच कापला. चीर आत्ता मारली नाही, फक्त खडूची रेघ. चीर आधी मारली की शिवताना कापड हातात लोंबतं आणि ओढलं जातं.

१ जून, रविवार

उघडीप. तीन तास सलग मशीनवर बसले.

मशीन माझ्या आईची, पायाची, काळी. तेल दिलं, शटलमधला कचरा ब्रशने काढला. खाकीला १४ नंबरची सुई, दोरा पॉलिस्टरचाच घेतला, सुती दोरा ऊन-पाणी-मातीत लवकर कुजतो आणि कापड चांगलं असताना शिवण सुटते.

आधी काखेचे बाक. बाकावर सरळ दुमड मारली की ती ओढते आणि कड वाकडी उभी राहते, म्हणून उरेब पट्टी. मरून पॉपलिन कोपऱ्यातून तिरकं दुमडून दीड इंचाच्या पट्ट्या कापल्या. उरेब कापलेली पट्टी हातात धरून ओढून बघा, रबरासारखी लांबते, म्हणूनच ती बाकावर बसते. पण बसवताना ओढायची नाही, नुसती ठेवत जायची, मी पहिल्या बाजूला जरा ओढली तर चुण्या आल्या, उसवून परत लावली. बाकाला दर अर्ध्या इंचावर छोटे कट दिले, पट्टी उलटी वळवली, आतून टीप मारली. खाकीच्या कडेनं मरून रेघ आली, आईंना फार आवडली.

मग वरची कड, बाजूच्या कडा, खालची कड. दुमड आधी पाव इंच मग अर्धा, प्रत्येक वेळी इस्त्रीने बसवून मगच मशीनखाली. इस्त्रीचा कंटाळा केला की शिवण दिसतेच.

शेवटी चीर. हिची मला भीती वाटत होती. दोन्ही कडा बारीक दुमडल्या, पण चिरेचं वरचं टोक हा सगळ्यात कमजोर भाग, बसताना सगळा ताण तिथंच येणार आणि चीर वर वर फाटत जाणार. म्हणून तिथं जीन्सचा एक त्रिकोणी तुकडा, आतून एक बाहेरून एक, आणि तिन्ही बाजूंनी दोनदा टीप.

४ जून, बुधवार

खिसे. जीन्सच्या मांडीच्या भागातून चार तुकडे. सुई बदलून १८ नंबर लावली, टाका मोठा केला.

सिकेटरच्या खिशाच्या मागे, खाकीच्या आतल्या बाजूने जीन्सचा अजून एक तुकडा लावला. खिसा फाटतो म्हणजे बहुतेक वेळा खिसा फाटतच नाही, त्याच्या कोपऱ्यामागचं मूळ कापड फाटतं. लेंग्याचं हेच होत होतं, मी मात्र दर वेळी नुसता खिसाच परत शिवत होते आणि मागचं कापड दर वेळी अजून विरत होतं. हे मला आज हातात दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळलं.

खिशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन्हीकडं अर्धा अर्धा इंच शिवण मुद्दाम सोडली. बागेतल्या खिशात माती जाणारच, पाणी जाणारच, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे.

दुमडीवर दुमड आली तिथं सहा थर झाले, मी पाय मारत राहिले आणि सुई तुटली, टोक उडून भिंतीवर लागलं. डोळ्यावर चष्मा होता हे नशीब. मग जे आधीच करायला पाहिजे होतं ते केलं, त्या जाड भागावर कापड ठेवून हातोडीने चांगलं ठोकलं, जीन्स ठोकली की खरंच चपटी होते, आणि मशीनच्या फुटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या, मागच्या बाजूला जीन्सचाच एक घडी केलेला तुकडा ठेवला म्हणजे फुट तिरका न होता सपाट चढतो. तेवढे आठ-दहा टाके पाय न मारता चाक हाताने फिरवून घातले.

५ जून, गुरुवार

खिशांच्या कोपऱ्यांना रिबिट मारून आणले. स्टँडजवळ बॅगा दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी चार रिबिटांचे वीस रुपये घेतले. त्यांना काम सांगताना माझ्या हातात जुनी जीन्स होती, तिच्या खिशाच्या कोपऱ्यावरचे तांब्याचे ठिपके दाखवून म्हटलं असे पाहिजेत. ते ठिपके शोभेचे नाहीतच मुळी. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, मजुरांच्या पँटींचे खिसे फाटायचे म्हणून त्याने कोपऱ्यांवर तांब्याचे रिबिट मारायला सुरुवात केली, कापड तो लेव्ही स्ट्रॉसकडनं घ्यायचा, आणि दोघांनी मिळून १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या जीन्सची सुरुवात ती. म्हणजे एका शिंप्याने तक्रार ऐकून खिशाचा कोपरा बघितला त्यातून एवढं सगळं झालं. मला हे वाचल्यापासून फार जवळचं वाटतं.

७ जून, शनिवार

पट्टे. नवारीचे दोन तुकडे, बेडशीटच्या कच्च्या एप्रनवर सेफ्टी पिना लावून माप घेतलं होतं ते २७ इंच, दोन्हीकडं एक एक इंच जोडाला. नवार इतकी घट्ट विणलेली की मशीनची सुई तिच्यात आणि खाकीत मिळून टाके सोडत होती. म्हणून दाभण आणि जाड दोरा घेऊन हाताने शिवली, चौकोन करून त्यात फुली. एक जोड पूर्ण व्हायला पंचवीस मिनिटं, असे चार. अंगठ्याला फोड आलाय.

कमरेपाशी उजवीकडं एक लूप आणि बटण, त्यात पंचाचा तुकडा अडकवला हात पुसायला. तो निघतो, म्हणजे एप्रन रोज धुवायला नको, पंचा धुतला की झालं.

८ जून, रविवार

आज मृग. आणि आज आप्पांनी एप्रन घालून पहिल्यांदा काम केलं.

पाऊस गेले काही दिवस थांबलाय, वापसा आलाय, दोडक्याची आणि घेवड्याची बी टोकली. मी कट्ट्यावर चहा घेऊन बसले होते आणि त्यांच्या हाताकडंच बघत होते. बसले. पाळ्या दोन्हीकडं पडल्या. आळं केलं, बी घ्यायला हात छातीच्या खिशाकडं गेला, पुडी काढली, बी घातली, पुडी परत खिशात. सुतळी घेतली, सिकेटर न बघता काढला, सुतळी कापली, न बघता परत ठेवला. हात पंचाला पुसला. लेंगा स्वच्छ. मला इतकं भरून आलं, काय सांगू. पुढच्या आळ्याकडं ते तसेच सरकत गेले, एप्रन अंगावर आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

एक त्रुटी दिसली. खुरप्याचा लूप डावीकडं लावलाय आणि ते सरकतात डावीकडून उजवीकडं, त्यामुळे मागच्या बाजूला पात्याचं टोक पोटरीला घासतं. लूप उजवीकडं, जरा मागे घ्यायचा.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. शिवणकाम नाही. संध्याकाळी फक्त लूप बदलला.

१५ जून, रविवार

धुतला आणि गडबड झाली.

आठवडाभर वापरून एप्रन चिखलाने भरला होता म्हणून गरम पाण्यात साबण टाकून भिजवला, ब्रशने घासला, वाळत टाकला. आज आप्पा घालायला गेले तर डोकंच आत जाईना. खाकी जशीच्या तशी, पण नवार आटली. टेप लावली, २७ चे २५ भरले. आणि जिथं नवार खाकीला शिवलीय तिथं खाकी चुणली गेलीय, वरची कड लाटेसारखी.

चूक सरळ माझी. खाकी भिजवली, पॉपलिन भिजवलं, आणि नवार कापड नाही पट्टा आहे असं धरून तशीच लावली. नवार सुतीच असते आणि करकरीत, एकदाही पाणी न लागलेली. पूर्वी पलंग विणायच्या आधी नवार भिजवून घ्यायचे हे आईंना माहीत होतं, मी विचारलंच नाही. वेगवेगळी कापडं एकत्र शिवायची असतील तर फक्त दोरा सोडून बाकी सगळं, अगदी पट्टी-नाडी सगळं, आधी पाण्यातून काढायचं. आप्पा म्हणाले असू दे, जोरात ओढून घालतो. मी म्हटलं नाही, खांदा दुखेल, आणा इकडं.

१७ जून, मंगळवार

पट्टे वरून सोडवले. हातचा चौकोन-फुलीचा टाका उसवायला जितका वेळ घालायला लागला होता तेवढाच लागला, चांगला शिवला होता असं म्हणायचं. मागच्या बाजूचे जोड तसेच ठेवले. पट्ट्यांच्या उरलेल्या टोकाला जीन्सचे साडेतीन इंचांचे तुकडे जोडले, दुहेरी, म्हणजे जोड धरून अडीच इंच वाढले. खांद्यावर जिथं भार येतो तिथंच आता जीन्स आली, नवार तिथं जरा टोचतच होती, हे उलट बरंच झालं.

उरलेली सगळी नवार बादलीत टाकली. उकळतं पाणी ओतलं, रात्रभर तशीच.

१९ जून, गुरुवार

आज आळंदीहून माऊलींची पालखी निघाली, आई टीव्हीसमोर, पाऊस परत जोरात. आप्पा पावसात इरलं घेतल्यासारखे प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन आणि आत एप्रन घालून अळवाच्या वाफ्यातलं पाणी काढत होते. आत आल्यावर बघितलं, खाकीवरनं पाणी निथळून गेलं, पण जीन्सचे खिसे ओले गच्च. पंख्याखाली ठेवला, खाकी तासाभरात कोरडी, खिसे उद्या दुपारपर्यंत काही वाळत नाहीत. पुढचा कधी शिवला तर खिसेही खाकीचेच, दुहेरी, आणि जीन्स फक्त मागच्या बाजूला आधाराला.

खिशाच्या कोपऱ्यातून माती आपोआप बाहेर पडलेली होती. तेवढं बरोबर जमलं.

२९ जून, रविवार

तीन आठवडे झाले. आज उन्हाची तिरीप आली म्हणून दारात नीट पसरून सगळ्या शिवणी बोटाने तपासल्या. चिरेचं टोक शाबूत, रिबिट शाबूत. सिकेटरच्या खिशाची आतली कड जरा घासलीय, पात्याच्या पाठीने, तिथं आतून चामड्याचा एक तुकडा लावेन, जुन्या पर्समधला. डाव्या पाळीची खालची कड उजवीपेक्षा जास्त मळते, म्हणजे आप्पा डावा गुडघा जास्त खाली टेकवतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अंगठ्याची जखम पूर्ण भरली.

मिरची सुरू झालीय, ती आप्पा पाटीत न टाकता डाव्या पाळीचं टोक हातात धरून तिची ओटी करतात आणि तिच्यातच तोडतात, कापूस वेचणाऱ्या बायका करतात तशी. हे शिवताना माझ्या मनातही नव्हतं. तर आता पाळीच्या टोकाला एक लूप आणि कमरेपाशी बटण लावायचंय, म्हणजे टोक वर अडकवलं की दोन्ही हात मोकळे राहतील.

खाकीचा एक पट्टा उरलाय, डागाशेजारचा, ११ इंच रुंद. भेंडी पुढच्या महिन्यात येईल आणि भेंडी तोडताना आप्पांच्या हाताला फार खाज सुटते, मनगटापासून कोपरापर्यंत लाल होतं. त्याच्या दोन बाह्या होतील, वर-खाली इलॅस्टिक घालून. इलॅस्टिक आज सकाळीच पाण्यात टाकलंय.